मिचेल ते यलोस्टोन, पाणी जपून

मंगळवार, मिचेल, साउथ डकोटा

कॉर्न पॅलेस पाहून झाला. मक्याचा महाल. इथल्या लोकांनी पहिला महाल १८९२ साली उभारला, आपली जमीन काय पिकवते ते जगाला दाखवायला. आजची इमारत नंतरची, पण रीत तीच. कणसं उभी चिरून भिंतींवर खिळ्यांनी ठोकतात आणि त्यातून मोठमोठी चित्रं उठवतात. रंग लावत नाहीत. लाल, काळी, पिवळी, पांढरी अशी निरनिराळी कणसं त्यासाठी मुद्दाम पिकवतात. आत बास्केटबॉलचं मैदान! हे म्हणाले, "एवढं डिझेल जाळून कणसं बघायला आलो?" मला मात्र फार आवडलं. गावात जे पिकतं त्याचा गावानं तोरा मिरवावा, त्यात लाजायचं काय? पाखरांची चंगळ होते ती वेगळीच.

इलिनॉय सोडल्यापासून आय-९० हा महामार्गच आमचा रस्ता. या देशात उभं आयुष्य गेलं, पण आम्हाला माहीत काय तर माझी हॉस्पिटलची लॅब, ह्यांचं ऑफिस, मुलांच्या शाळा, मंडळाचा गणपती आणि मुंबईचं विमान. मधला सगळा देश ढगांखालून गेला. म्हणून निवृत्तीनंतर ही जुनी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली. २५ फुटी, क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. त्या माळ्यावर चढायचे गुडघे दोघांकडेही नाहीत. तिथे तांदूळ, डाळी आणि ह्यांची पुस्तकं झोपतात.

बुधवार, वॉलच्या बाहेर, माळावर

आज दिवसभर बघण्यासारखंच बघत होतो. बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या अलीकडे महामार्गाला लागून मिनटमन क्षेपणास्त्रांचं ठिकाण आहे. शीतयुद्धात साउथ डकोटाच्या पश्चिम भागात अशी १५० अण्वस्त्रं जमिनीत पुरून ठेवली होती. वर गुरं चरतायत, शेजारी शेतकऱ्याचं कुंपण, आणि खाली हे. डेल्टा-०१ नावाच्या केंद्रात लिफ्टनं खाली नेतात. जाडजूड पोलादी दारावर तिथल्याच कुणीतरी डॉमिनोजच्या पिझ्झाचा खोका रंगवलाय आणि लिहिलंय, जगात कुठेही ३० मिनिटांत पोच, नाहीतर पुढचा फुकट. हसू आलं आणि लगेच गेलंही.

आतल्या खोलीत दोन अधिकारी चोवीस तासांच्या पाळीला बसत. क्षेपणास्त्र सोडायचं तर दोघांनी एकाच वेळी आपापली किल्ली फिरवायची, आणि दोन्ही कुलपं इतकी लांब ठेवलेली की एकट्याचे हात पोचूच नयेत. एवढीशी खोली, दोन माणसं, आणि एकाच्या मर्जीनं काही होत नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. गाईडला वाटलं असेल, ही म्हातारी मंडळी का हसतायत.

संध्याकाळी वॉल ड्रग. टेड आणि डॉरथी हस्टेड या नवराबायकोनं १९३१ साली या आडगावात औषधांचं दुकान घेतलं आणि पहिली काही वर्षं माशा मारल्या. मग एका उकाड्याच्या दुपारी डॉरथीबाईंना झोप लागेना, रस्त्यावरून गाड्यांची घरघर चाललेली. त्यांना सुचलं, या तापलेल्या प्रवाशांना हवंय तरी काय? बर्फाचं पाणी. फुकट द्या, आणि रस्त्यावर पाट्या लावा. १९३६ची गोष्ट. आज तिथे एवढा बाजार झालाय की माणूस हरवेल. कॉफी अजून पाच सेंटला मिळते, पाणी अजून फुकट. दुकानाच्या गोष्टीत टेडसाहेबांचं नाव पुढे असतं, पण डोकं बाईंचं, हे मी इथे नोंदवून ठेवते. आम्ही बाटल्या भरून घेतल्या.

कारण आज मुक्काम माळावर. बफेलो गॅप हे सरकारी गवताळ रान आहे, तिथे फुकट राहता येतं. समोर बॅडलँड्सच्या कड्यांचा पट्टेरी उतार, आणि हुकअप नाही. म्हणजे वीज नाही, नळ नाही, सांडपाण्याची सोय नाही. जे आहे ते गाडीत.

गुरुवार, तिथेच

रात्री वाऱ्यानं गाडी अशी हलवली की स्लाइडआउट, म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारा भाग, आत घ्यावा लागला. सकाळी बॅडलँड्समध्ये गेलो. ६२ वर्षांपुढच्यांना ८० डॉलरात राष्ट्रीय उद्यानांचा जन्मभराचा पास मिळतो, तो दाखवताना हे दरवेळी फाटकावरच्या मुलीला विचारतात, "जन्मभराचा म्हणजे कुणाच्या जन्माचा?" त्या बिचाऱ्या हसतात. बॅडलँड्सवर मी काही लिहिणार नाही. मला ते जमत नाही, आणि फोटोतही आलं नाही.

पाण्याबद्दल मात्र लिहायचंय. आमच्या टाकीत ४० गॅलन मावतं, म्हणजे दीडशे लिटर. मी माण तालुक्यातली. उन्हाळ्यात आड आटला की तळात उतरून वाटीवाटीनं कळशी भरायची. हे पुण्याचे, पेठेतले. पाणी संपतं ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात नव्हती. गाडी घेतली त्या वर्षी दाढी करताना नळ वाहता ठेवायचे. आरव्हीत नळ सोडला की पंप घरघरतो, त्यामुळे चोरी लगेच कळते. भांडणं झाली, टाकी एकदा भर वाळवंटात कोरडी पडली, मग मी बादली आणि तांब्या आणला. आता पंपाचा आवाज जरा लांबला की बाहेरून हाक येते, "अगं, किती वेळ?" तांदूळ धुतलेलं पाणी मी टाकलं तर त्याचाही जाब विचारतात.

आणि ते जातं कुठे, हेही आता त्यांनाच ठाऊक. हातमोजे चढवून डंप स्टेशनवर टाक्या रिकाम्या करायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. आधी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची. मग ग्रे टँक, म्हणजे मोरीची, कारण तिच्या साबणाच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. हा क्रम ते कुणालाही समजावून सांगतात, कुणी विचारलं नसलं तरी. घरी इतकी वर्षं भांडी घासली, धुणी धुतली, त्या पाण्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही.

शनिवार, कस्टरजवळ

माउंट रशमोर फोटोतल्यासारखंच आहे. डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्ष. १९२७ ते १९४१ काम चाललं, एकेक चेहरा ६० फूट. पण हे ब्लॅक हिल्सचे डोंगर १८६८च्या तहात इथल्या मूळच्या लकोटा लोकांना दिले होते, मग सोनं सापडलं आणि तह गेला. १९८० साली सुप्रीम कोर्टानं भरपाई मंजूर केली. ती त्यांनी आजवर घेतलेली नाही. पैसे नकोत, डोंगर द्या, म्हणतात. हे कळल्यावर त्या चार चेहऱ्यांकडे बघायला मजा येईना.

कॅम्पग्राउंडवर शेजारी ३० फुटी गाडी लागली. नेब्रास्काच्या बाई, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. नवरा गेला, गाडी राहिली. विकायला काढली होती, पण गिऱ्हाइकाला दाखवायला अंगणातून बाहेर तरी काढावी लागेल म्हणून रिव्हर्स शिकल्या, आणि मग विकलीच नाही. माझ्या पोह्यांच्या दोन बशा खाल्ल्या त्यांनी. लिंबू सालासकट चावून खाल्लं!

मी आजवर सरळ रस्त्यावरच चालवत आलेय. रात्री ह्यांना म्हटलं, मला रिव्हर्स शिकवा. का, असं त्यांनी विचारलं नाही.

सोमवार, डेव्हिल्स टॉवर, वायोमिंग

मैदानातून एकदम उठलेला ८६७ फुटांचा सुळका, सगळ्या अंगानं उभ्या खाचा. १९०६ साली थिओडोर रूझवेल्टनं याला देशातलं पहिलं राष्ट्रीय स्मारक केलं. लकोटांसाठी हे अस्वलाचं घर. पायवाटेवर पाइनच्या फांद्यांना रंगीत कापडं बांधलेली, प्रार्थनेची. फोटो काढू नका, हात लावू नका, अशी विनंती लिहिलीय. आमच्याकडेही देवाच्या झाडाला चिंध्या बांधतात, मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. जून महिना त्यांच्या पूजाविधींचा, म्हणून गिर्यारोहकांनी या महिन्यात चढू नये अशी विनंती आहे, सक्ती नाही. दोघंजण चढत होते. हे म्हणाले, "कायद्यानं चालतं." चालतं, हो.

रिकाम्या पार्किंगमध्ये पहिला धडा. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की शेपटी उजवीकडे जाते. सोपं आहे म्हणे.

गुरुवार, फिशिंग ब्रिज, यलोस्टोन

बिगहॉर्नचा घाट उतरताना गिअर खाली ठेवून चाललो, ब्रेकचा वास तरी आलाच. इथल्या कॅम्पग्राउंडवर तंबूंना बंदी आहे, भक्कम भिंतींच्याच गाड्या चालतात, कारण आसपास ग्रिझली अस्वलं. बाहेर खाण्याचा कणही ठेवायचा नाही.

गाडी मी लावली. हे मागे उभे. आमचा नियम एकच, आरशात माणूस दिसेनासा झाला की थांबायचं. तीनदा दिसेनासे झाले. पलीकडच्या खुर्च्यांवरची मंडळी चहा सोडून बघत होती. चौथ्यांदा बसली जागेत. हे म्हणाले, "थोडी तिरकी आहे." तिरकी तर तिरकी.

मुगाची खिचडी लावली. इथे साडेसात हजार फुटांवर पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ बसली असती तशीच दात विचकत. कुकरनं तारलं. पहिल्या शिट्टीला हे खिडक्या बंद करत फिरले, अस्वलाला हिंगाचा वास जाईल म्हणून.

शुक्रवार, तिथेच

वाटेत क्रेग खिंडीत आयसा लेक लागलं, कमळांनी भरलेलं डबकंच म्हणा. खंडाचं पाणी दोन महासागरांकडे वाटणारी रेषा याच्या मधून जाते. याचं पाणी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतं, आणि तेही उलटं. पूर्वेकडचं पॅसिफिकला जातं आणि पश्चिमेकडचं फिरत फिरत मेक्सिकोच्या आखाताला. आम्ही पुलावर उभं राहून बराच वेळ वाद घातला, हे कसं शक्य आहे यावर. नकाशा बरोबर होता, हे नव्हते.

ओल्ड फेथफुल म्हणजे जमिनीतून थांबून थांबून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं. त्याची वेळ रेंजर आधीच्या उद्रेकाच्या लांबीवरून काढतात. तो थोडक्यात आटोपला तर पुढचा तासाभरात, लांबला तर दीड तासाच्या आसपास. १९५९ला जवळच मोठा भूकंप झाला, त्यानंतर मधलं अंतर वाढत गेलं. शेकडो माणसं बाकांवर. आधी नुसतीच हुलकावणी, दोनचार चूळ भरल्यासारखे फवारे, मग एकदम वर. फलकावर लिहिलंय, एका खेपेला ३,७०० ते ८,४०० गॅलन. ह्यांनी मनातल्या मनात चाळीसनं भागलं असणार. ओठ हलत होते.

परत आल्यावर केस धुतले. इथे पूर्ण हुकअप आहे, पाणी थेट नळाचं, सांडपाणी थेट गटाराला, पंप बंद. सोडला शॉवर मोकळा. पाच मिनिटांत दारावर टकटक.

"अगं, किती वेळ?"

"अहो, टाकीतलं नाहीये, नळाचं आहे."

"माहितीये मला. तरी पण."