कुळागरातला तंबू आणि आगोंदची गाडी

पहाटे तीनला पंखा बंद पडला आणि आम्ही दोघं एकदमच जागे झालो. दक्षिण गोव्यात आगोंदच्या किनाऱ्यापासून जरा आत, ओळखीच्यांच्या भाटात, म्हणजे बागेत, माडांखाली गाडी लावली होती. गाडी म्हणजे भाड्याची कॅम्पर व्हॅन: पलंग, ओटा, सिंक, ८० लिटरची टाकी आणि वर एसी. हा एसी निव्वळ शोभेचा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे सगळी मिळून १२०० वॅट-अवर वीज. किलोवॅटभर खाणारा एसी तिच्यावर तासभर चालला तरी पुष्कळ. मी अकराला मोहाने लावला, बाराच्या आत घाबरून बंद केला. उरल्यासुरल्यावर पंखा तीनपर्यंत फिरला.

"त्यापेक्षा नेत्रावळीला बरी झोप लागली होती," ही म्हणाली. आणि पलंगाचा हट्ट हिचाच!

डिसेंबरात आम्ही पाठीवर पिशव्या घेऊन नेत्रावळीला गेलो होतो. माझी सॅक १३ किलोंची, त्यात ३ किलो नुसतं पाणी. गोपीनाथाच्या देवळातल्या तळीचे बुडबुडे बघितले, मग सावरीच्या धबधब्याकडे. जाताना काही वाटलं नाही. परतीला हिचा गुडघा बोलू लागला आणि तिची सॅकही माझ्या छातीवर आली. अभयारण्यात परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही, म्हणून गावातल्या एकांच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागायतीत, विचारून मुक्काम केला. पोफळींच्या रांगेत, पाटाच्या पाण्याशेजारी. पाठीखाली मूळ, तंबूच्या आतून दंवाचे थेंब, आंघोळ म्हणजे कळशीभर गार पाणी. पण आठला आडवे झालो ते थेट उजाडल्यावर उठलो. सकाळी घरच्यांनी उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड दिली. तशी पेज मी फोंड्यात घरी रोज खातो. तिथे दोन वाडगे संपवले.

तरी घरी येताच हिने जाहीर केलं: पुढच्या वेळी पलंग.

पलंग मिळाला, नाही म्हणत नाही. हिचा गुडघा खूश, कपडे कोरडे, चहा हवा तेव्हा. पण करमल घाटात प्रत्येक वळणावर मागे भांडी नाचत होती, आणि आगोंदच्या गल्लीत ही पुढे चालत विजेच्या तारा बघत होती, मी मागून गाडी रांगवत होतो. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणल्या. पर्यटनस्थळी उघड्यावर रांधायला गोव्यात २०१९ पासून बंदी, तेव्हा सुकें आतच केलं. झकास झालं. त्याचा वास मात्र उशीत दोन दिवस राहिला.

संडासाची टाकी २० लिटरची. ती कुठे ओतायची, हे भाड्याने देणाऱ्याला विचारलं तर तो हसला. शेवटी फोंड्याला आणून घरच्या संडासात रिकामी केली. इतकं जपून मी आजवर दूधही आणलेलं नाही.

तर तीन वाजता. दारं उघडली, चटई काढली, मच्छरदाणी दोन माडांना बांधली आणि बाहेर वाळूत झोपलो. जाग आली ती पाव विकणाऱ्या पोदेराच्या पोंपोंने. सायकल थांबवून त्याने गाडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि पाव मोजता मोजता विचारलं, "करंट गेलो व्हय?"