काकडीचं पाणी

आमच्या घरी काकडी किसत नाहीत, चोचवतात. काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने तिच्या टोकावर टचाटच घाव घालत ती फिरवत राहायची आणि मग वरचा थर पातळ कापून ताटात पाडायचा. वेळखाऊ काम आहे, बोटंही सांभाळावी लागतात. पण किसणीवर ओढली की ताटात पाण्याचं तळं होतं आणि त्यात लगदा पोहतो. त्याला कोशिंबीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

काकडी म्हणजे जवळजवळ पाणीच. 100 ग्रॅममध्ये 95 ग्रॅम पाणी, कॅलरी जेमतेम 15. थोडं पोटॅशियम, थोडं क जीवनसत्त्व. के जीवनसत्त्व आहे, पण त्यातलं बरंचसं सालात, म्हणून कोवळी काकडी मी नुसती धुऊन सालासकट खाते. डोळ्यांवर चकत्या ठेवून पडण्याइतका वेळ मला अजून मिळालेला नाही. उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीशी चार फाका करून, तिखट-मीठ भुरभुरवून मिळते, तो उपयोग मला जास्त पटतो.

एक अट मात्र आहे. आधी चाखायची. देठाकडचा तुकडा कापून तो काकडीवर गोलगोल घासायचा, पांढरा फेस आला की कडूपणा गेला, असं आजी म्हणायची. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्याचा. वेलीला पाण्याचा ताण पडला, ऊन जास्त झालं की तो वाढतो आणि देठाशी नि सालाखाली साठतो. त्यामुळे काम खरं तर कापण्यानेच होत असावं. घासणं मनाच्या समाधानाला. तरी मी घासतेच.

खमंग काकडीला मीठ लावून पिळली की वाटीभर पाणी निघतं. ते आई कधी ओतून देत नाही, उपासाच्या भाजणीत घालते. थालीपीठ मऊ होतं, मीठही वेगळं लागत नाही. मग काकडीत दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, चिमूटभर साखर आणि वरून तूप-जिरं-मिरचीची चरचरीत फोडणी.

या पाण्याची खरी किंमत कळते ती कोकणात, धोंडसात, म्हणजे तिथल्या काकडीच्या गोड केकात. पावसाळ्यातलं जून, पिवळं पडलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसायचं (इथे किसणी चालते!), त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, वेलची. हळदीचं पान तळाशी, निखारे खाली आणि झाकणावरही. रवा फुलतो तो तवशाच्याच पाण्यात.

गेल्या श्रावणात मी ते ओव्हनमध्ये केलं. मिश्रण कोरडं वाटलं म्हणून हळूच अर्धी वाटी पाणी घातलं. कडा छान खरपूस झाल्या, मधे मात्र शिरा. फोटो पाठवला तर आईचा लगेच फोन.

"पाणी घातलंस ना?"