पुणे ते मालवण, फोंडा घाटमार्गे: विजेची गाडी आणि सुकलेलं अर्थिंग

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, बायको, आई आणि दहावीची परीक्षा दिलेला मुलगा) इलेक्ट्रिक गाडीने पुण्याहून मालवणला जाऊन आलो. दोन मुक्काम, जाऊन-येऊन साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. परत आल्यापासून नात्यातल्या आणि ऑफिसातल्या निदान दहा जणांनी एकच प्रश्न विचारलाय: कोकणात चार्जर आहेत का? प्रश्न बरोबरच आहे, पण त्याच्याआधी दुसरा एक विचारायला हवा. जिथे मुक्काम करणार तिथे पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, आणि त्याला अर्थिंग आहे का? या प्रवासात आमचा जीव टांगणीला लागला तो त्या एका प्लगपायी, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी टाटा नेक्सॉन ईव्ही, ४०.५ युनिटची बॅटरी असलेली. कंपनीच्या कागदावर एका चार्जमध्ये ४३७ किलोमीटर आहेत. माझ्या हातात, चार माणसं, एसी आणि हायवेचा वेग धरून ती २६० ते २८० देते. गाडी घेताना कागदावरचा आकडा विसरा आणि असा हातातला आकडा धरा. त्यातही वरचे वीस टक्के फास्ट चार्जरवर हळूहळू भरतात, खालचे दहा-पंधरा आपण राखून ठेवतो. म्हणजे वाटेतल्या दोन चार्जिंगमधलं अंतर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर धरावं. तीस युनिटची बॅटरी घेऊ का असं कोणी विचारलं, तर शहरापुरती जरूर घ्या म्हणतो. वर्षातून दोनदा गावी जायचं असेल तर चाळीसच्या खाली जाऊ नका.

पहाटे पाचला शंभर टक्क्यांवर निघालो. वेग ८० ते ८५ ठेवला. सातारा ते कागल सहापदरीकरणाची कामं सुरू असल्यामुळे पुढे गाडी तशीही पळत नाही, आणि विजेच्या गाडीला हे मानवतं. ऐंशीला युनिटमागे सात किलोमीटर मिळतात, शंभरला साडेपाच-सहा. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे पळवून वाचवलेली वीस मिनिटं चार्जरवर बसून परत करावी लागतात. खंबाटकीचा चढ धरून कराडला पोचलो तेव्हा ४२ टक्के शिल्लक होते. नाश्ता होईपर्यंत गाडी ८० टक्क्यांवर गेली. मध्येच त्याच मशीनच्या शेजारच्या गनला (केबलच्या टोकाच्या प्लगला) दुसरी गाडी लागली आणि आमचा चार्जिंगचा वेग निम्म्यावर आला. चार्जरवर साठ किलोवॅट लिहिलेलं असलं तरी दोन गनमध्ये ते वाटले जातात, हे लक्षात ठेवून वेळेचा हिशेब करा.

कोल्हापूरला जेवण. चार्जर हॉटेलच्याच आवारात होता, पण मशीन बंद, स्क्रीनवर लाल अक्षरं. चार्जर शोधायच्या ॲपवर मात्र तोच चार्जर हिरवा, म्हणजे सुरू दिसत होता. मी दुसरा चार्जर शोधायला लागलो, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या टॅक्सीचा (हिरव्या पाटीवर पिवळे अंक, म्हणजे भाड्याची विजेची गाडी) चालक उतरून आला. त्याने मशीनच्या कडेचं लाल बटण हाताने पिळलं. ते खटकन बाहेर आलं आणि मिनिटभरात मशीन सुरू झालं. आणीबाणीत वीज तोडायचं ते बटण येताजाता कोणाचा तरी धक्का लागून दाबलं जातं आणि तसंच राहतं. बंद मशीन दिसलं की आधी हे बटण बघा. मात्र कुठे जळल्याचा वास असेल किंवा गन तुटलेली असेल, तर हात न लावता पुढे जा.

तांबडा-पांढरा रस्सा संपून आईची औषधं होईपर्यंत ९० टक्के झाले. इथे मुलगा म्हणाला, शंभर करूनच निघू. मी नको म्हटलं. पुढे उतार होता. उतारावर विजेच्या गाडीची मोटरच गाडीला ओढून धरते आणि त्यातून वीज तयार करते, पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागाच नसते. मग गाडी स्वतःहून ओढून धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर मुक्काम करून सकाळी खाली उतरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, रात्री नव्वदला थांबवावं.

राधानगरीपासून दाजीपूरपर्यंतचा रस्ता या प्रवासातला मला सर्वांत आवडलेला तुकडा. एका बाजूला शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला गव्यांच्या अभयारण्याचं जंगल. एसी बंद करून काचा खाली केल्या. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे टायरखालची वाळली पानंसुद्धा ऐकू येत होती. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "असंच हळू चालव रे."

फोंडा घाटाच्या तोंडाशी ६१ टक्के होते. रीजन (मोटरने ओढून धरून वीज परत मिळवायची ती सोय) सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं. वळणावळणाने खाली आलो, ब्रेकला पाय लावायची वेळ चारदोनदाच आली. पायथ्याला आकडा ६३. मुलाने त्याचं गणित केलं: माणसांसकट गाडी साडेसतराशे किलो, उतार सहाशे मीटर धरला, तर साठवलेली ऊर्जा पावणेतीन युनिटच्या पुढे जाते. त्यातली काही रस्ता कापण्यात गेली, काही उष्णतेत, उरलेली बॅटरीत परत आली. दोन टक्के म्हणजे फार नाही, पण घाट फुकटात उतरलो वर काही मिळालं, याचं मला अजून अप्रूप आहे.

कणकवली, कसाल करत संध्याकाळी मालवणला पोचलो तेव्हा ४० टक्के होते. मुक्काम किनाऱ्यापासून जरा आत, माडाच्या वाडीतल्या एका घरगुती राहण्याच्या जागी. मी फोनवर आधीच विचारलं होतं, पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे ना? आहे म्हणाले. होताही, पंपाच्या खोलीत. गाडी पडवीला लावली, गाडीसोबतचा छोटा चार्जर जोडला. त्याच्या डब्यावर लाल दिवा. काढून परत लावला, तरी लालच. घरमालक काका कंदील ठेवायच्या कोनाड्याशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "साहेबानू, फ्रीज चलता, पंप चलता, मगे तुमच्या गाडीक काय झाला?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. फ्रीज आणि पंप अर्थिंग तपासत नाहीत, गाडीचा चार्जर तपासतो. गाडी रबरी टायरवर उभी असते. आत कुठे वीज गळून पत्र्याला आली, तर तिला जमिनीत जायला अर्थिंगच्या तारेशिवाय वाट नसते. ती तार कुचकामी असेल तर वाट सापडते गाडीला हात लावणाऱ्याच्या अंगातून. म्हणून अर्थिंग नीट नसेल तर चार्जर वीज सोडतच नाही.

काकांनी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. तो टेस्ट लॅम्प घेऊन आला, साधा शंभरचा बल्ब आणि दोन वायरी. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रलमध्ये (परतीची तार) लावला तर लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये लावला तर आतली तार नुसती तांबूस झाली. "वायरिंग बरा आसा," तो म्हणाला, "अर्थिंग सुकला हा." घराच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता, जांभ्यात खणलेला. त्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, कोळसा आणि मीठ घातलेलं असतं, पण हे सगळं ओल असेपर्यंत काम करतं. मे महिन्यात जांभा कोरडा ठणठणीत. काकूंनी आणि मुलाने विहिरीवरून चार कळशा पाणी आणून हळूहळू ओतलं. पाणी मुरेपर्यंत वायरमनने पाइपावरचा गंजलेला नट घासून आवळला. पंधरा मिनिटांनी बल्ब परत लावला आणि तो पहिल्यासारखा लख्ख पेटला. गाडीला जोडलं, हिरवा दिवा. काकू टाळी वाजवून हसल्या. ते काही मला विसरता येणार नाही.

हे काम वायरमननेच करावं, आपण फेजशी खेळू नये. आणखी एक, कळकळीने सांगतो. अर्थिंग नसतानाही चार्जरला फसवून गाडी चार्ज करायची जुगाडं काही जण सोबत बाळगतात. ती वापरू नका. अंगणात उघड्या पायांनी पोरं फिरत असतात आणि रात्रभर गाडीला हात लागत असतो.

साध्या प्लगवर तासाला सहा टक्के भरतात, म्हणजे चाळीसवरून शंभरला दहा तास. रात्री नऊला लावली, सकाळी सातला भरली. सुरुवातीच्या अर्ध्या तासानंतर प्लगला हात लावून बघायचा. कोमट चालतो, चटका बसला तर सॉकेट सैल आहे, लगेच बंद करा. एक्स्टेन्शन लागलंच तर तीन तारांचं, जाड वायरचं घ्या आणि पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हाही चार्जिंग थांबू शकतं. जेवणं उरकल्यावर लावलेलं बरं.

दुसरा दिवस तारकर्ली आणि सिंधुदुर्ग किल्ल्यात गेला, गाडी जेमतेम वीस किलोमीटर चालली. विजेचे पैसे काका घेईनात. मी हिशेब मांडून दोन रात्रींचे पाचशे रुपये दिले. हे आपणहून द्यायला हवेत. तीस-पस्तीस युनिट म्हणजे त्यांच्या घराची चार-पाच दिवसांची वीज आहे, शिवाय त्यामुळे बिलाचा वरचा स्लॅब लागू शकतो.

परतीला शंभरवर निघालो. फोंडा घाटाने चढताना ११ टक्के खाल्ले, उतरताना दिलेल्या दोनच्या पाचपटीहून जास्त. घाट चढायचा असेल तर पायथ्याला निदान तीस टक्के हवेत, कारण वर राधानगरीपर्यंत जंगलच आहे आणि मोबाइलची रेंज भरवशाची नाही. ॲपच्या वॉलेटमध्ये पैसेही रेंज असतानाच भरून ठेवा. खाली कणकवली-कुडाळच्या बाजूला महामार्गावर फास्ट चार्जर मिळतात, हाताशी ते राहू द्या. घाट दुरुस्तीसाठी बंद असू शकतो, निघण्याआधी विचारून घ्यावं. कोल्हापूरला ३६ टक्क्यांवर पोचून ८८ केले, साताऱ्याला चहापुरतं चार्जिंगला थांबलो, घरी २५ टक्के.

खर्च: फास्ट चार्जरचे युनिटमागे बावीस रुपयांच्या आसपास, एकूण चौदाशे. काकांचे पाचशे, घरच्या विजेचे तीनशे. बावीसशेत झालं. आधीच्या पेट्रोल गाडीला एवढ्याच अंतराला सहा हजारांच्या घरात लागायचे. टोल मात्र पूर्ण भरला. राज्याच्या २०२५ च्या धोरणातली टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूसाठी आहे.

परवा काकांचा फोन आला. पडवीत नवा पॉइंट काढलाय, त्याला वेगळं अर्थिंग आणि वेगळा मीटर. खड्डा आता न्हाणीघराच्या पाण्याच्या वाटेवर खणून घेतलाय, म्हणजे उन्हाळ्यातही ओल राहील. गणपतीनंतर येतो म्हणून सांगितलंय.