आईच्या मजुरीचा रकाना

गेली सहा वर्षं मी इकडे सिंधुदुर्गात टी.वाय.च्या मुलांना एक्सपोर्ट शिकवतेय. पेपरचं नाव भारी आहे, आंतरराष्ट्रीय व्यापार वगैरे, पण मी शिकवते ते एवढंच की कुडाळ-वेंगुर्ल्यात बसून बाहेरच्या देशात माल विकायचा तर कुठून सुरुवात करायची. पहिल्या तासाला माझा ठरलेला प्रश्न असतो, कोणाच्या घरचं माणूस परदेशात आहे? यंदा ४३ पैकी २९ हात वर. कोणाचे बाबा जहाजावर, कोणाचा काका कुवेतला, आतेचे मिस्टर दोहाला, एकीचा भाऊ मस्कतला हॉटेलात. मग दुसरा प्रश्न, यातल्या किती जणांनी त्यांना फोनवर विचारलंय की तिथे दुकानात कोकम मिळतं का, केवढ्याला मिळतं? एकही हात नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आमचो माल थंय कोण घेतलो?" म्हणजे आमचा माल तिथे कोण घेणार?

हे ऐकलं की मला दरवर्षी वाईट वाटतं. आपली माणसं आधी मुंबईला गिरणीत गेली, मग आखातात गेली, घरं मनीऑर्डरवर चालली, त्यामुळे बाहेर जायचं ते नोकरीला हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की माल पण बाहेर जाऊ शकतो हे मनातच येत नाही. आणि १७व्या शतकात याच किनाऱ्यावर डच वेंगुर्ल्याला आणि इंग्रज राजापूरला वखारी घालून बसले होते, ते व्यापारासाठीच ना! वेंगुर्ल्याच्या डच वखारीच्या पडक्या भिंतींसमोर आमच्या अर्ध्या वर्गाने फोटो काढलेत.

बरं, काय विकाल विचारलं की सगळा वर्ग एका सुरात हापूस म्हणतो. मी म्हणते, पहिला माल हापूस नको. २०१८ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं नाव राखून ठेवणारी सरकारी नोंद, मिळाला, नाव जगात आहे, सगळं खरं, पण फळ नाशवंत आणि प्रत्येक देशाची अट वेगळी. अमेरिकेने २००७ मधे आपल्या आंब्याला पुन्हा दार उघडलं ते विकिरण केलेल्या आंब्यालाच, जपानला वाफेची प्रक्रिया लागते, आणि युरोपने फळमाशी सापडली म्हणून मे २०१४ पासून आंबा बंदच केला होता, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू पण, आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षी उठली. नवख्या पोराने घरचे पैसे घालून हे अंगावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुका माल घ्या. काजू, आमसुलं, टिकणाऱ्या गोष्टी. चूक झाली तरी माल हातात राहतो.

काजूचा तास माझा सगळ्यात आवडता. बाहेरच्या बाजारात काजूगर पौंडावर चालतो, एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, आणि डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडात ३०० ते ३२० अख्खे पांढरे गर. डब्ल्यू २४० मधे २२० ते २४०, म्हणजे आकडा लहान तेवढा गर मोठा. हे मी फळ्यावर लिहीत नाही, वजनकाटा नेते आणि पाच-पाच जणांचे गट करून मोजायला बसवते. एका गटाचे ३१४ भरले, दुसऱ्याचे ३०७, तिसऱ्याचे ३४१ आले तेव्हा कळलं की त्यांनी पाकळी, म्हणजे दोन भाग झालेला गर पण अख्ख्यात धरली होती. एक मुलगी म्हणाली, मॅडम, माझी आई फॅक्टरीत हेच करते पण या नंबराचा अर्थ आज कळला. तिच्या आईने हातावेगळा केलेला गर वेंगुर्ल्यात आणि युरोपातल्या रॉटरडॅम बंदरात एकाच नावाने ओळखला जातो, विकणारा आणि घेणारा एकमेकांना न बघता सौदा करू शकतात. धंदा देशाबाहेर जातो तो असा.

कागदांना मुलं उगाच घाबरतात. आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीला लागणारा नंबर, डीजीएफटी या सरकारी व्यापार खात्याच्या साइटवर घरबसल्या निघतो, फी ५०० रुपये, आणि नंबर आपला पॅनचाच असतो. फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमधे तो अपडेट करायचा, नाहीतर बंद पडतो. मग निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे नोंदणी, शेतीमालाला अपेडा, मासळीला एमपेडा. घाबरायचंच असेल तर एलसीला घाबरा, म्हणजे ठरलेले कागद बरोबर दिले तर पैसे देऊ अशी घेणाऱ्याच्या बँकेने दिलेली हमी. बँक माल बघत नाही, कागद बघते. मी खोटा एलसी बनवून देते, त्यात 'कोकम सिरप' आणि इन्व्हॉइसवर मुद्दाम 'कोकम ज्यूस', आणि वर माल बोटीवर चढल्यावर २१ दिवसांच्या आत कागद बँकेत द्यायचे ती तारीख उलटून गेलेली. शोधा म्हणते. तारीख सगळ्यांना सापडते, सिरप-ज्यूस फार थोड्यांना, आणि तेवढ्यावरून बँक पैसे अडवू शकते.

हे मी पुस्तकातून शिकलेली नाही. २०१६ मधे मी आणि माझी मैत्रीण मिळून कोकम सिरपचे ३० बॉक्स आखातात पाठवले होते. लेबल सुंदर केलं होतं, पण अरबी मजकूर नव्हता. माल तिकडे अडकला, गोदामाचं भाडं चढत गेलं, घेणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. आम्ही अ‍ॅडव्हान्स घेतला नव्हता, ईसीजीसीचा विमा काढला नव्हता, ही सरकारी कंपनी १९५७ पासून परदेशातला ग्राहक पैसे बुडवेल त्याचा विमा देते हेच आम्हाला माहीत नव्हतं. ८६ हजार गेले. पतपेढीचं कर्ज फेडायला दोन वर्षं लागली. म्हणून मुलांना कळकळीने सांगते, पहिल्या ऑर्डरला निम्मे पैसे आधी मागा आणि मागताना लाजू नका.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. देवगडकडचा एक मुलगा, काका कुवेतला. मी सगळ्यांना काम दिलं होतं की घरच्या माणसाला दुकानात पाठवा आणि मालाचा मागचा-पुढचा फोटो मागवा. काकाने आमसुलाच्या पाकिटाचे फोटो पाठवले, २०० ग्रॅम, किंमत १.२५०. पोराने वर्गात वाचलं बाराशे पन्नास! मग कळलं की कुवेतचा एक दिनार म्हणजे हजार फिल्स, त्यामुळे दशांशानंतर तीन आकडे, म्हणजे सव्वा दिनार. दिनार पावणेतीनशे रुपयांच्या वरच आहे. वर्ग एकदम जागा झाला, कारण त्याची आई तेवढीच सोलं, म्हणजे आमसुलं, गावात किती स्वस्त देते ते सगळ्यांना माहितीये.

मग आम्ही कॉस्टिंग शीट म्हणजे खर्चाचा तक्ता केला, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात माल बोटीवर चढेपर्यंतचा भाव, त्याला एफओबी म्हणतात. फळं, मीठ, पॅकिंग, लेबल, न्हावा शेवापर्यंतचा ट्रक, कस्टम एजंट, सगळं त्याने नीट लिहिलं होतं. मजुरीच्या रकान्यात शून्य. मी विचारलं तर म्हणाला, "आई घरीच असता."

दरवर्षी प्रत्येक शीटमधे हे शून्य असतं, एकदाही चुकलेलं नाही. आणि या शून्यावर काढलेला भाव पहिल्या मोठ्या ऑर्डरला कोसळतो, कारण ५०० किलोची सोलं एकटी आई करू शकत नाही, बायका लावाव्या लागतात आणि त्या फुकट येत नाहीत. मी त्याला घरी पाठवलं, आईजवळ बसून तास लिहून आण म्हटलं. तो खरंच लिहून आला. फळं फोडणं, बिया काढणं, मीठ घालून रसाची पुटं देणं, रोज उन्हात घालणं आणि संध्याकाळी आत घेणं, ११ दिवस रोज साधारण तीन तास, म्हणजे ३३ तास. गावातल्या रोजाने चार दिवसांची मजुरी झाली. त्याने शून्य खोडून आकडा घातला, भाव वाढला, तरी कुवेतच्या किमतीच्या बराच खाली राहिला.

शीट त्याने आईला दाखवली. तिने बघून एवढंच विचारलं म्हणे, की मे महिन्यात पाऊस आला तेव्हा शेजारची काकी धावत येऊन सुपं उचलायची, तिचे कुठे लिहिलेस? आता शीटमधे एक ओळ वाढलीये, आणि शनिवारी एफओबी पुन्हा काढायचाय.