फुलांच्या मिरवणुकीला जोडून ठेवलेली मॅच

कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला तिकडं अमेरिकेत नव्वद हजार माणूस जमतंय असं बेळगावात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, कॉलेजची? होय की, कॉलेजचीच. आणि फुटबॉल म्हणजे आपल्या लेले ग्राउंडवर खेळतात तो नव्हे, अंड्यासारखा बॉल छातीशी धरून पळायचं आणि हेल्मेट घालून समोरच्याला आडवं करायचं, तो. सीझन संपला की चांगल्या टीमांना बोलावून एकेका गावात मोठी मॅच ठेवतात, तिला म्हणायचं बाऊल. त्यातली सगळ्यात जुनी रोज बाऊल, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाची, 1 जानेवारीला.

मला तिचा इतिहास भारी वाटतो कारण ती कुणी ठरवून मोठी केलेलीच नाही. मूळ कार्यक्रम फुलांच्या मिरवणुकीचा. 1890 साली तिथल्या व्हॅली हंट क्लबवाल्यांनी फुलांनी सजवलेल्या घोडागाड्या काढल्या, का तर बाकी देश बर्फात गारठलाय आणि आमच्यात बघा कशी गुलाबं फुलल्यात हे दाखवायला. पुढं खर्च भागायला पाहिजे म्हणून 1902 ला जोडीला फुटबॉल ठेवला, मिशिगन विरुद्ध स्टॅनफर्ड. आता जत्रेतलं कुस्तीचं मैदान बघितलेल्या माणसाला सांगायला नको, जोड नीट लावली नाही की काय होतं ते. मिशिगन 49, स्टॅनफर्ड 0. अजून आठ मिनिटं शिल्लक होती खरं स्टॅनफर्डनंच हात जोडले, बास म्हणाले. त्यात मिशिगनचा कोच फील्डिंग योस्ट आधी स्टॅनफर्डलाच कोच होता, म्हणजे वर मीठ.

मग कमिटीनं फुटबॉलच बंद केला! पुढच्या वर्षी पोलो, 1904 पासून रोमन स्टाईल रथांच्या शर्यती, मधेच शहामृगं पळवली, आणि 1913 ला तर हत्ती आणि उंटाची शर्यत लावली. हत्ती जिंकला. (उंटाच्या बाजूनं कोण बसलेलं असेल त्याची दया येते.) हे सगळं करून दमले आणि 1916 ला गुपचूप फुटबॉल परत आणला, वॉशिंग्टन स्टेटनं ब्राऊनला 14-0 हरवलं, तिथनं ती मॅच काय थांबली नाही. 1918 आणि 1919 ला महायुद्धामुळं पोरं सैन्यात, तर कॉलेजऐवजी सरळ लष्करी तळांच्याच टीमा उतरवल्या. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या गावात वाढलोय, त्यामुळं हा भाग मला जरा जास्तच आवडतो.

आत्ताचं स्टेडियम 1922 चं. तिथल्या पहिल्याच रोज बाऊलला, 1923 ला, पेन स्टेटची टीम ट्रॅफिकमध्ये अडकली, मॅच उशिरा चालू झाली, दोन्ही कोचांची बाचाबाची, आणि संपेस्तोवर चांदणं पडलेलं.

खरं सगळ्यात जबरदस्त किस्सा 1929 चा. कॅलिफोर्निया विरुद्ध जॉर्जिया टेक. कॅलिफोर्नियाचा रॉय रीगल्स, त्याच्या समोर सुटलेला बॉल आला, यानं उचलला, धक्काबुक्कीत गर्रकन फिरला आणि सुसाट पळत सुटला, स्वतःच्याच गोलकडं. साठ-पासष्ट यार्ड! मागनं त्याचाच जोडीदार बेनी लोम ओरडत पळतोय, ह्याला वाटतंय पब्लिक आपल्यालाच चीअर करतंय. लोमनं शेवटी गाठून त्याला थांबवला, वळवायला लागला तेवढ्यात जॉर्जियावाल्यांनी गोललाइनच्या तोंडावर लोळवला. पुढच्या किकला कॅलिफोर्नियाचा बॉल अडवला गेला, दोन पॉइंट जॉर्जियाला गेले. मॅच किती फरकानं गेली? 8-7. म्हणजे एका पॉइंटानं. मधल्या सुट्टीत रीगल्स परत मैदानात जायला तयारच नव्हता, कोचनं समजावून पाठवला, आणि पठ्ठ्या दुसऱ्या हाफला झकास खेळला, प्रतिस्पर्ध्याची एक किकपण अडवली. एवढं होऊनपण जन्मभर नाव पडलं ते 'राँग वे' रीगल्सच, लोक काय सोडतात होय.

1942 ला पर्ल हार्बरवर हल्ला होऊन महिनासुद्धा झाला नव्हता, पश्चिम किनाऱ्यावर गर्दी जमवायची नाही असं ठरलं, तर मॅच उचलून पार देशाच्या दुसऱ्या टोकाला नॉर्थ कॅरोलिनात डरहमला नेली, ड्यूक युनिव्हर्सिटीच्या घरच्या मैदानावर. आणि तिथं पावसात ड्यूकच हरलं, ओरेगॉन स्टेट 20, ड्यूक 16. त्यानंतर पासाडेनाबाहेर गेली ती डायरेक्ट 2021 ला कोविडमध्ये, टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला.

1947 पासून बिग टेन ही कॉलेजांची एक लीग आणि पॅसिफिक किनाऱ्याची दुसरी, त्यांचे विजेते समोरासमोर, हे ठरूनच गेलेलं, पन्नासेक वर्षं तसंच चाललं. पुढं नंबर एक कोण हे ठरवायच्या नादात त्यात भेसळ झाली, आता ती प्लेऑफमधली, म्हणजे नंबर एक ठरवायच्या बाद फेऱ्यांतली एक मॅच आहे आणि ती पॅसिफिकवाली लीग तर 2024 ला फुटलीच, टीव्हीच्या पैशामागं एकेक कॉलेज दुसरीकडं गेलं. माझ्या मते हे वाईटच झालं. रविवारी 1 जानेवारी आली तर मात्र मिरवणूक आणि मॅच अजून 2 तारखेलाच, चर्चबाहेर बांधलेले घोडे बुजतील म्हणून जुन्या काळी केलेला नियम, 2023 लाही पाळला. घोडे कुठायत आता, खरं नियम आहे. आपल्याकडं बघायची तर पहाटे अडीच-तीनला उठायची तयारी पाहिजे.