मे महिन्यातली तहान

आमच्या अकोटला मे महिन्यात पाणी कोण पीत नाही? पारा ४५ च्या घरात, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्यामुळे माझा नऊ वर्षांचा मुलगा माठापासून हलेना, तेव्हा मला बरंच वाटलं. पाणी पितोय, म्हणजे ऊन बाधणार नाही. मरगळलेला दिसायचा म्हणून मी दिवसातून तीनदा ग्लुकोज पावडरचं पाणी करून दिलं, वर उसाचा रस पाजला. जे माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही, ते दुसऱ्या एखाद्या आईला दिसावं म्हणून हे लिहिते आहे.

रात्री तो चार-पाचदा उठायचा. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं, लहानपण सरल्यावर कधी झालं नव्हतं ते. मोरीत मुंग्यांची रांग लागली, सासूबाईंनी तिच्यावर हळद टाकली आणि विषय संपला. वजन २७ वरून २३ वर आलं होतं. सुट्टीत उन्हातान्हात हुंदडणारी पोरं वाळतातच, असं आम्ही धरून चाललो. पंधराएक दिवसांनी उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली. गावातल्या डॉक्टरांनी ऊन लागलंय म्हणून इंजेक्शन दिलं. संध्याकाळी मात्र तो पलंगावर पडल्यापडल्या धापा टाकत होता, खोल, लांब श्वास. तोंडाला अति पिकलेल्या फळासारखा वास येत होता. वासाचा अर्थ मला कळला नाही, पण पोटात गोळा आला. दिरांनी गाडी काढली आणि आम्ही अकोल्याला निघालो.

तिथल्या सिस्टरांनी नाव लिहून घ्यायच्या आधी त्याचं बोट टोचलं. यंत्रावर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' उमटलं. साखर ६०० च्या वर गेली की ते यंत्र मोजणं सोडून देत होतं. तीन दिवस तो आयसीयूत होता. एका नळीतून सलाईन, दुसरीतून इन्सुलिन थेंबाथेंबानं, दर तासाला बोटाला सुई.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवराबायकोला बाकावर बसवून समजावलं. याला टाइप वन मधुमेह म्हणतात. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. इन्सुलिन नाही, म्हणून रक्तात साखर भरपूर असूनही ती शरीराला वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्त आम्लाचं होतं. तो श्वास आणि तो वास त्याचाच होता. तहान आणि मोरीतल्या मुंग्या लघवीतून जाणाऱ्या साखरेमुळे. मी विचारलं, "मॅडम, मी त्याला गोड फार दिलं का?" त्या म्हणाल्या, "नाही. गोडानं हा आजार होत नाही. तुम्ही काही केलं म्हणून झालेला नाही." ग्लुकोजच्या त्या पाण्यानं साखर आणखी चढली असणार, हे मला कळत होतं. पण त्यांचं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं, कारण घरी परतल्यावर रोज कुणीतरी येऊन तेच म्हणायचं, लाडात चॉकलेटं चारली असतील.

घरी आल्यावर दिवसाला चार इंजेक्शनं, पोट, मांडी, दंड अशी जागा बदलत, नाहीतर कातडीखाली गाठी होतात. सिस्टरांनी एक गोष्ट तीनदा माझ्याकडून वदवून घेतली होती: बाटलीवर ४० (एका मिलिलिटरमध्ये इतके युनिट) असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० असेल तर केशरी. पुढे आमची बाटली १०० ची झाली आणि एकदा मेडिकलवाल्यानं सिरिंज जुनी, लाल टोपणाचीच दिली. तिच्यातून ४ युनिट भरले असते तर पोरग्याच्या अंगात १० गेले असते. मी घरी आल्यावर टोपण पाहिलं, म्हणून ते टळलं.

इन्सुलिन जेवणाच्या हिशेबानं द्यायचं, म्हणून स्वयंपाकघरात तराजू आला. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे ५० ग्रॅम पिठाची भाकरी ३५. हा हिशेब मी ओट्याशेजारी भिंतीवर खडूनं लिहिला. पहिल्या महिन्यात भाकरी थापताना माझे हात थरथरायचे.

इन्सुलिन सांभाळणं हे वेगळंच काम होतं. फ्रिजमध्ये २ ते ८ अंश हवेत, पण बर्फ झालं की औषध वाया. लोडशेडिंग सुरू झालं की फ्रिजचाही भरवसा नाही. डॉक्टरीणबाईंनी मातीची युक्ती सांगितली. मोठ्या कुंडीत वाळू, तिच्यात छोटं मडकं, मडक्यात डब्यात बंद केलेली चालू बाटली. वाळू दिवसातून दोनदा भिजवायची आणि कुंडी सावलीत, वाऱ्यावर ठेवायची. आमची कोरडी हवा इथे कामी येते. आत थर्मामीटर ठेवून मी आठवडाभर तपासलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

सर्वांत अवघड काळ मात्र वेगळाच होता, आणि तो आला तो चांगल्या बातमीसारखा. दोन महिन्यांनी साखर आपोआप उतरायला लागली. डोस निम्म्यावर आला. त्याच सुमारास सासूबाईंनी कुणाकडून तरी आणलेलं जांभळाच्या बियांचं चूर्ण सुरू झालं होतं. "पाय, उतरली का नाही? आता काहून टोचतं वं लेकराले?" त्या म्हणायच्या, आणि मलाही ते खरं वाटायचं. मला ते खरंच वाटायला हवं होतं. एका रविवारी मी रात्रीचं इंजेक्शन हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. टोचलं, पण दुसऱ्याच दिवशी एसटीनं अकोला गाठलं. बाईंनी सांगितलं, याला हनिमून पिरियड म्हणतात. उरलेल्या थोड्या पेशी काही दिवस पुन्हा काम करतात, मग त्याही जातात. नेमक्या याच दिवसांत लोक इन्सुलिन बंद करतात आणि मुलं जातात. पुढच्या वेळी मी सासूबाईंना सोबत नेलं. बाईंनी त्यांना १९२२ सालची टोरांटोची गोष्ट सांगितली, चौदा वर्षांच्या एका मुलाला जानेवारीत पहिलं इन्सुलिन कसं दिलं आणि त्याच्या आधी असली मुलं कशी वाळून मरायची. येताना सासूबाई एसटीत गप्प होत्या. तेव्हापासून कुंडीतली वाळू त्याच भिजवतात.

शाळेत मी त्याच्या वर्गशिक्षिकांकडे साखरेची पुडी दिली आहे, तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. हातपाय थरथरले, घाम फुटला, यंत्रावर साखर ७० च्या खाली दिसली, की आधी ती खायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. वर्गशिक्षिकांनी आतापर्यंत दोनदा त्याला सावरलं. बोट आता तो स्वतः टोचतो, इंजेक्शन अजून मी देते.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या मावशी ओट्यावर बसून सांगत होत्या की मुंबईहून आलेला त्यांचा नातू रात्रभर पाणी मागतो. मी घरात गेले, यंत्र आणलं, नवी सुई लावली. मावशी म्हणाल्या, "अवं, ऊन हाय." मी म्हटलं, "असू दे मावशी, एक थेंब." माझा मुलगा त्या पोराचा हात धरून त्याला सांगत होता की बाजूला टोचलं तर कमी दुखतं.

आकडा आला, ९६. नॉर्मल.