शॉकअप ठीक होता, लिंकेज सुकले होते

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या लाल चिखलात भरपूर फिरून झाल्यावर माझ्या लहान ऑफ-रोड मोटारसायकलचा मागचा भाग बारीक खड्ड्यांवरसुद्धा टणक लागू लागला आणि गाडी मागून उचलली की खालून हलकासा 'टक्' असा आवाज येऊ लागला. एका गॅरेजमध्ये दाखवले तेव्हा शॉकअप गेला आहे, नवा घाला, असे उत्तर मिळाले. शॉकअपच्या दांड्यावर मात्र तेलाचा ओघळ नव्हता आणि रिबाउंडही (दबल्यावर परत वर येणे) सुस्त झाला नव्हता, त्यामुळे खर्च करण्याआधी स्वतः खोलून पाहायचे ठरवले.

या जातीच्या पुष्कळ गाड्यांमध्ये मागचा शॉकअप चिमट्याला (मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला) थेट जोडलेला नसतो. दोघांच्या मध्ये एक रॉकर (डुलणारा जोडतुकडा) आणि दुव्याच्या पट्ट्या असतात; यालाच लिंकेज म्हणतात. कावासाकी या रचनेला युनि-ट्रॅक म्हणते, होंडा प्रो-लिंक म्हणते; हेतू एकच, की चाक जितके वर चढेल तितका शॉकअपचा विरोध वाढत जावा. या प्रत्येक सांध्यात नीडल बेअरिंग, म्हणजे सुयांसारख्या बारीक रोलरचे बेअरिंग असते, त्याच्या आत कडक पोलादाची स्लीव्ह (नळी) असते आणि बोल्ट आवळला की ती स्लीव्ह दोन्ही बाजूंनी घट्ट धरली जाऊन तिच्याभोवती फक्त बेअरिंग हलते.

चाकाचे बेअरिंग पूर्ण गोल फिरते, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरत राहते. लिंकेजमधले बेअरिंग मात्र काही अंशांतच मागेपुढे डुलते. त्याच सुया त्याच जागी दाब घेत राहतात, ग्रीस बाजूला सरकते ते परत येत नाही आणि उरलेल्या फटीत पाणी शिरते. ते पाणी बहुतेकदा ओढ्यातले नसून आपल्याच वॉशिंगचे असते. चिखल निघावा म्हणून प्रेशरचा फवारा थेट सीलवर धरण्याची सवय मलाही होती.

तपासायला गाडी अशा स्टँडवर घ्यावी की आधार फ्रेमला मिळेल, चिमट्याला नव्हे. मग मागचे चाक धरून अगदी हळू वर उचलावे. शॉकअप दबायला लागण्याआधी चाक किंचित वर आले, तर तो प्ले (ढिलेपणा) सांध्यांमधला असतो. शॉकअप एक मिलिमीटर दबतो तेव्हा चाक साधारण तीन मिलिमीटर हललेले असते, त्यामुळे शॉकअपच्या टोकाशी अर्ध्या मिलिमीटरची झीज असली तरी चाकाशी ती हाताला स्पष्ट कळते. चिमटा आडवा हलत असेल, तर तो फ्रेमला जिथे जोडलेला असतो त्या मुख्य पिव्हटचीही झीज धरावी.

खोलल्यावर दोन वेगळे आजार एकाच ठिकाणी सापडले. रॉकरच्या स्लीव्हवर सुयांच्या इतक्या खोल रेघा उमटल्या होत्या की नखाने एकेक मोजता आली असती. खालच्या पट्टीचे बेअरिंग मात्र गंजून जवळजवळ जाम झाले होते आणि त्यातून ग्रीसऐवजी विटकरी रंगाची पूड पडली. टणकपणा जाम झालेल्या बेअरिंगचा होता, 'टक्' झिजलेल्या स्लीव्हचे.

जुने बेअरिंग काढण्यापूर्वी ते कडेपासून किती आत बसले आहे हे व्हर्नियरने मोजून लिहून ठेवावे, कारण सीलला जागा तिथेच मिळते. काढायला मी लांब आट्याचा बोल्ट आणि पान्ह्याच्या दोन गोट्या (सॉकेट) वापरल्या: एक बेअरिंगला ढकलणारी लहान, दुसरी त्याला पोटात घेणारी मोठी. बसवतानाही हीच युक्ती चालते. काही वर्षांपूर्वी हातोडीने ठोकून बसवलेल्या बेअरिंगचे पातळ कवच तोंडाशी चेमटले होते आणि ते पुन्हा काढण्यात एक अख्खा रविवार गेला होता. नवे बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे, अ‍ॅल्युमिनियमचे घर हीट गनने तापवावे आणि दाब नंबर कोरलेल्या बाजूने द्यावा.

तो नंबर दुकानातही कामाला येतो. उदाहरणार्थ, एचके १८१६ म्हणजे आतला व्यास १८ आणि रुंदी १६ मिलिमीटर. बाहेरचा व्यास २४ असतो. मूळचे बेअरिंग सुया खच्चून भरलेले असेल, तर त्याच्या जागी सुया जाळीत बसवलेले बेअरिंग मात्र घेऊ नये, कारण त्यात सुया कमी असतात. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत हाकेच्या अंतरावर असल्याने स्लीव्ह लेथवर करून घेण्याचा मोह होतोच; पण साध्या पोलादाची स्लीव्ह हार्डनिंग आणि ग्राइंडिंग केल्याशिवाय एक मोसमही टिकणार नाही, म्हणून ती मी मूळ कंपनीचीच मागवली. जुनी स्लीव्ह नव्या बेअरिंगमध्ये घालणे तर पैसे वाया घालवणेच आहे.

नव्या बेअरिंगला लावलेले तेल बहुधा गंजरोधक असते, त्याला ग्रीस समजू नये. पाण्याला टिकणारे ग्रीस बोटाने सुयांच्या मधल्या फटींत दाबून भरले, सीलच्या ओठांनाही लावले आणि सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यांप्रमाणे टॉर्क पान्ह्याने आवळले. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पान्हा लावला, तेव्हा खालचा बोल्ट किंचित फिरला, बाकीचे जागेवर होते. शॉकअप अजून जुनाच आहे.